उजव्या खांद्याचा प्रभार

उत्साह माणसाकडे कायम नेमणुकीवर नसतो, हे आपण सर्वांनी शांतपणे मान्य करायला हवे. तो येतो, खुर्ची पुढे ओढून बसतो, दोन-चार मोठ्या घोषणा करतो आणि आपल्याला त्याची नीट सवय होण्याआधीच त्याची बदली झालेली असते. मागे राहते ते त्याने मागवलेले सामान. पुष्कळ घरांत कपाटाच्या डोक्यावर गुंडाळून ठेवलेली एक व्यायामाची चटई असते ती याच कारणाने. (ती बहुतेक वेळा निळीच का असते, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.)

मुद्देकाकांची चटईही निळीच होती.

मुद्देकाका एका मोठ्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षाचे, म्हणजे जिथे जुन्या फायली ठेवतात त्या खोलीचे प्रमुख होते. हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी पाठीमागे दिलेले होते, कारण कुणी 'जेवलात का' असे विचारले तरी ते 'मुद्दा एक, जेवलो. मुद्दा दोन, बेताचंच' असे उत्तर देत. तीस वर्षांत त्यांच्या कक्षातून एकही कागद हरवला नव्हता, आणि एकही कागद कुणाला वेळेवर मिळालाही नव्हता. कार्यालयात पहिल्या गोष्टीचे कौतुक होते आणि दुसरीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण तक्रारींची फाईलही त्याच खोलीत असे.

तीस वर्षे टेबलावर वाकून बसल्याचा हिशेब शेवटी त्यांच्या उजव्या खांद्याने मागितला. खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. शर्टाची बाही चढवायला बायको लागू लागली, वरच्या फळीवरची फाईल काढायला स्टूल लागू लागले आणि स्टुलावर चढायला धीर. यातल्या कशाचेही काकांना फारसे काही वाटले नाही. फायली तर त्यांना तशाही काढून द्यायच्या नव्हत्या. वाटले ते फक्त बेलचे.

काकांची मुलगी पलीकडच्या गल्लीत राहायची आणि कामावर जाताना रोज सकाळी आठला आपल्या चार वर्षांच्या लेकीला यांच्याकडे सोडायची. दारावरची बेल ज्या इलेक्ट्रिशियनने बसवली, तो स्वतः सहा फूट उंच होता आणि बाकीचे जगही तेवढेच असावे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे नातीच्या आगमनाची एक कार्यपद्धती ठरून गेली होती. नातीने दारावर थाप मारायची. आजोबांनी बाहेर यायचे आणि तिला दोन्ही हातांनी उचलून डोक्याच्या वर धरायचे. तिने बेल दाबायची. मग आजोबांनी तिला खाली ठेवून आत जायचे, दार लावून घ्यायचे आणि आतून विचारायचे, 'कोण आहे?' तिने 'मी' म्हणायचे, आणि ओळख पटल्यावर तिला प्रवेश द्यायचा. ('दार उघडंच होतं की,' असे आजी एकदा म्हणाली होती. ते कामकाजातून वगळण्यात आले.)

खांदा आखडल्यापासून ही पद्धत स्थगित झाली होती. नात दारात दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि म्हणायची, "आजोबा, वर."

"विचाराधीन आहे गं," काका म्हणायचे.

"उद्या?"

"बघू."

पोर रुसली असती, रडली असती, तर काकांना चालले असते. ती समजूतदारपणे हात खाली घेऊन आत यायची, आणि तेच त्यांना सहन होत नसे. ती एखाद्या दिवशी विचारायचीच थांबेल, अशी त्यांना मनापासून भीती वाटू लागली. म्हणून ते फिजिओबाईंकडे गेले.

फिजिओबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या, आणि त्यांच्या बोटांत पकडीचा जोर होता. त्यांनी हात जिथपर्यंत जात होता तिथपर्यंत नेला, मग आणखी थोडा नेला, आणि काकांचा चेहरा पाहून परत आणला. बोटे भिंतीवर पावलापावलाने चढवायची, हात लोंबता सोडून झुलवायचा, पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा आणि दोन्ही हात जमतील तेवढे वर ताणायचे, असे चार व्यायाम त्यांनी शिकवले.

"सहा महिने, काका. रोज सकाळी दहा मिनिटं स्ट्रेचिंग. पहिले आठ-दहा दिवस तुम्ही कराल, सगळेच करतात. पुढं कंटाळा येईल. तेव्हा मूडकडे बघायचं नाही. सकाळी जे काही आपोआप होतंच ना, चहा म्हणा, दात घासणं म्हणा, त्याला हे जोडून टाका. दहा जमली नाहीत तर दोनच मिनिटं करा. पण खंड पडू देऊ नका."

काकांनी सगळे वहीत उतरवून घेतले. घरी आल्यावर ते पुन्हा एकदा वाचून, कार्यालयीन दृष्टीने जे वाक्य महत्त्वाचे होते त्याच्याखाली लाल रेघ मारली. ते वाक्य 'खंड पडू देऊ नका' हे होते. बाकीचा मजकूर त्यांनी प्रास्ताविक म्हणून सोडून दिला.

उत्साह लगोलग रुजू झाला. चटई आली, पाण्याची बाटली आली, पाठीवर धावता माणूस छापलेला टीशर्ट आला. मुख्य म्हणजे 'दैनिक स्ट्रेचिंग नोंदवही' तयार झाली. दिनांक, आरंभ, समाप्ती, व्यायामाचा प्रकार, शेरा, सही, असे सहा रकाने काकांनी स्वतः पट्टीने आखले. पहिल्या चोवीस दिवसांची त्यांनीच काढलेली गोषवारा-नोंद अशी: प्रत्यक्ष व्यायाम, नऊ दिवस. चटई अंथरून तिच्यावर बसून विचार, चार दिवस. चटईचा शोध, दोन दिवस. नोंदवहीला कव्हर घालणे, एक दिवस. आभाळ भरून आल्यामुळे, तीन दिवस (पाऊस पडला नाही). उरलेले पाच दिवस व्यायाम का झाला नाही याची कारणे लिहिण्यात गेले, आणि ती इतक्या सुवाच्य अक्षरात आहेत की वाचणाऱ्याला अपराधी वाटावे.

पंचविसाव्या दिवशी सकाळी साडेसहाला काका पांघरुणात पडून होते. उठावेसे वाटत नव्हते आणि न उठण्याचे नवे कारणही सुचत नव्हते. अशा अवघड प्रसंगी त्यांना आपले कार्यालय आठवले. तीस वर्षांत तिथे एकाही पदाच्या कामात खंड पडलेला त्यांनी पाहिला नव्हता. साहेब आजारी पडत, रजेवर जात, एक साहेब तर प्रशिक्षणाला म्हणून गेले ते आठ महिने कुठे होते हे अजून कुणाला कळलेले नाही. पण कामकाज अखंड होते, कारण दर वेळी पदाचा प्रभार दुसऱ्या कुणाकडे तरी दिलेला असे. माणूस असतो किंवा नसतो, पद मात्र चालूच राहते. काका ताडकन उठून बसले. महिनाभरात ते इतक्या चपळाईने प्रथमच हलले होते.

त्यांनी आदेशाचा मसुदा केला आणि तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. बायको दूध तापवत होती.

"अगं, आजपासून माझ्या स्ट्रेचिंगचा प्रभार तुझ्याकडे देतोय."

"म्हणजे मी काय करायचं?"

"मी रजेवर असेन त्या दिवशी व्यायाम तू करायचा. नोंद मी घेईन."

"पण खांदा तुमचा आखडलाय ना?"

"तो मुद्दा वेगळा. खंड पडू द्यायचा नाही, असं फिजिओबाईंनी सांगितलंय. कुणी करायचं, ते सांगितलेलं नाही."

बायकोने गॅस बारीक केला आणि नवऱ्याकडे नीट पाहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाचे बरेच प्रभार सांभाळले होते. मुलीच्या शाळेतल्या पालकसभा, त्यांच्या बहिणीशी झालेला अबोला मिटवणे, त्यांच्या वतीने शेजाऱ्यांची माफी मागणे. त्यात ही एक भर. "बरं," ती म्हणाली. "कागदावर माझं नाव तेवढं नीट लिहा. मागच्या वेळी विमा कंपनीला भलतंच कळवलं होतंत."

आदेशाच्या शेवटच्या कलमानुसार आधीच्या पंधरा बुडालेल्या दिवसांनाही पूर्वलक्षी मंजुरी देण्यात आली. अशा रीतीने काकांचे स्ट्रेचिंग पहिल्या दिवसापासून अखंड झाले.

प्रभारी अधिकाऱ्याची कामाची पद्धत मात्र अत्यंत ढिसाळ होती. तिने चटई घेतली नाही, टीशर्टही नाही. दूध गॅसवर ठेवले की ते तापेपर्यंत ती शेजारच्या भिंतीपाशी उभी राहायची आणि बोटे एकेक टाइल करत वर चढवायची. चिडलेली असली तर चिडूनच चढवायची, झोप पुरी झालेली नसली तर जांभया देत. एकदा सर्दीने बेजार होती, तर दोन मिनिटांत आटोपून मोकळी झाली. पहिल्या आठवड्यात सहाव्या टाइलपर्यंत पोचणारी बोटे दोन महिन्यांनी नवव्या टाइलला लागली. तिचे कंबरेचे जुने दुखणे गेले. वरच्या फळीवरचा डबा ती कुणाला हाक न मारता काढू लागली. (कसलेही नियोजन नसताना तिच्या व्यायामात खंड कसा पडत नाही, हे कोडे काकांना शेवटपर्यंत सुटले नाही. त्यांनी त्याला योगायोग म्हटले आहे.)

काका अंथरुणातूनच विचारायचे, "झालं का?" आतून "झालं" असे उत्तर आले की ते शेऱ्याच्या रकान्यात 'समाधानकारक' लिहून सही करायचे. सही उजव्या हाताने होत असल्यामुळे त्या हातालाही थोडी हालचाल मिळे. प्रभार मुळात फक्त रजेच्या दिवसांपुरता होता. पण रजा वाढत गेली, जशी ती कुठेही वाढते.

शंभर दिवस पूर्ण झाले तेव्हा काकांनी नोंदवही कार्यालयात नेली. साहेबांनी ती उलटून पाहिली आणि ते गंभीर झाले. साहेबांची मान गेली दोन वर्षे डावीकडे वळत नव्हती, त्यामुळे बैठकीत डाव्या बाजूला बसणाऱ्यांची बढती रखडली होती. शंभर दिवस, एकही खंड नाही, प्रत्येक पानावर सही, हे पाहून त्यांनी तिथल्या तिथे 'सकाळचे स्ट्रेचिंग सातत्य योजना' जाहीर केली. साहेब धरून बेचाळीस कर्मचारी, सर्वांना सक्तीची. सोबत मार्गदर्शक नमुना म्हणून काकांचा प्रभार-आदेश जोडला होता.

पुढे काय झाले हे ज्यांनी कधी कार्यालय पाहिले आहे त्यांना सांगायची गरज नाही. साहेबांनी आपला प्रभार उपसाहेबांकडे दिला. उपसाहेबांनी आपला आणि साहेबांचा असे दोन्ही आस्थापना शाखेकडे पाठवले. तिथून चार जणांचे वाढून ते आवक-जावक शाखेत गेले. प्रत्येक टेबलावर 'पुढील उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा पडत, फाईल जाडजूड होत, नवव्या दिवशी ती झाडलोट करणाऱ्या मावशींकडे आली. मावशींच्या खाली कुणी नव्हते, म्हणून ती तिथे थांबली.

मावशींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे हात वर करायचे?"

"हो, सगळ्यांच्या वतीने," फाईल आणून देणारा शिपाई म्हणाला.

"ते मी फळ्या पुसताना करतेच की."

सदर बाब तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य धरण्यात आली. रोज सकाळी नऊ ते साडेनऊ मावशी फडके घेऊन वरच्या फळ्या पुसत, आणि त्या अर्ध्या तासात साहेबांसह बेचाळीस जणांचे स्ट्रेचिंग एका फडक्यावर होऊन जाई. पहिल्या महिन्याचे सातत्य शंभर टक्के भरले. एक दिवस मावशी आल्या नाहीत, तेव्हा बेचाळीस जणांची किरकोळ रजा मांडावी का, यावर दोन तास बैठक झाली. बैठकीत सगळ्यांची पाठ दुखून आली.

इथपर्यंत सर्व सुरळीत होते. एकशे एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी आठला दारावर थाप पडली. काकांनी दार उघडले. नात पायताण काढून, त्यांच्या बाजूने वाट काढत, सरळ आत गेली. तिने हात वर केले नाहीत. 'उद्या?' असेही विचारले नाही. आत जाऊन ती आजीला आपल्या फुटलेल्या फुग्याची हकिकत सांगू लागली.

काका बराच वेळ दार धरून उभे राहिले. मग सवयीने त्यांनी नोंदवही उघडली. त्या दिवशीही खंड नव्हता. शेरा 'समाधानकारक' असाच होता, आणि जे घडले होते ते लिहायला सहापैकी एकही रकाना लागू पडत नव्हता.

सहा महिने भरायला अजून अवकाश होता, पण काका दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन फिजिओबाईंकडे गेले. नोंदवही डाव्या काखेत होती.

"हात वर करा, काका."

काकांनी केला. तो पूर्वी जिथे थांबायचा त्याच्या दोन बोटे अलीकडे थांबला.

"व्यायाम केला नाहीत?"

"झालाय की. एकशे बेचाळीस दिवस. हे बघा."

बाईंनी चार पाने पाहिली. "कुणी केला?"

बायको म्हणाली, "मी. आदेश आहे तसा." आणि सांगायच्या आधीच तिने दोन्ही हात वर केले. ते सरळ कानाला घासून वर गेले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा त्यांनी सहज हलवून पाहिला. फिजिओबाईंना हसू आवरावे लागले. मग त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते आपोआपच ओसरले.

"हिचं जे सुधारलंय," काकांनी अगदी हळू विचारले, "ते माझ्याकडे वर्ग करता येईल का?"

"नाही हो, काका. तुमचं आता पहिल्यापासून. वेळही जास्त लागेल. पण होईल. उद्यापासून दोन मिनिटं, बस."

काका 'बघू' म्हणणार होते. हा शब्द आपण कुणाला म्हणत आलो आहोत हे आठवून त्यांनी तो तिथेच गिळला.

दुसऱ्या दिवशी आठला थाप पडली तेव्हा बायकोने पदराला हात पुसले, ती बाहेर गेली आणि तिने दार मागे ओढून घेतले. काका आत, दाराशी. बाहेर काहीतरी कुजबुज झाली, एक हसू फुटले, आणि पाच महिन्यांनी नातीच्या हातून त्या घराची बेल वाजली.

पद्धतीनुसार पुढचे वाक्य काकांचे होते. "कोण आहे?" त्यांनी विचारले.

"मी," बाहेरून उत्तर आले. "आणि आजी. आजीचे हात वर जातात."

काकांनी कपाळ दाराला टेकवले. तिने हे तक्रारीने म्हटले नव्हते, नुसती माहिती दिली होती, आणि माहिती अचूक होती. त्यांचा उजवा हात दाराच्या कडीवर होता. का कोण जाणे, कडी काढायच्या ऐवजी त्यांची दोन बोटे दारावर चालू लागली. एक पाऊल, दुसरे पाऊल. बाहेर कोण आहे ते पाहायच्या दारातल्या भिंगाच्या वीतभर खाली खांद्यातून कळ आली आणि ती थांबली.

"आजोबा, उघडा ना."

"मुद्दा एक," काका दात आवळून म्हणाले, "जरा थांब. मुद्दा दोन, पुन्हा एकदा वाजव."

ही सूचना नातीला इतकी पटली की तिने ती सहा वेळा अमलात आणली. तेवढ्यात दोन मिनिटे झाली.

तेव्हापासून रोज आठला बेल वाजते. रविवारीही वाजते, कारण रविवारी नात मुद्दाम येते. काकांना उत्साह आहे की नाही, याची बेल चौकशी करत नाही. ती वाजू लागली की ते दाराआड उभे राहून बोटे वर चढवतात, आणि बाहेर आजी नातीला तोलून धरते. बोटे भिंगापर्यंत यायला पाच आठवडे लागले. आता ती भिंगाच्या वर, जुन्या पाटीचा स्क्रू दिसतो तिथे टेकतात. स्क्रूच्या पुढे अजून पुष्कळ दार आहे. नात दोन बोटे वाढली आहे, हेही काकांनी भिंगातून पाहून ठेवले आहे.

यातले काहीही नोंदवहीत नाही. लिहिले तर उत्साह येईल, आणि आला तर जाईल, अशी काकांना धास्ती वाटते. त्यामुळे अभिलेखानुसार त्यांचे स्ट्रेचिंग एकशे बेचाळिसाव्या दिवसानंतर बंद पडले आहे. साहेबांनी त्यांच्याकडून याबाबत लेखी खुलासा मागवला आहे. कार्यालयातील योजना सुरू असून सातत्य शंभर टक्के आहे, आणि साहेबांची मान आता उजवीकडेही वळेनाशी झाली आहे, त्यामुळे बढतीत कुणावर अन्याय होत नाही.

आता एक किरकोळ कार्यालयीन बाब उरते. हे वाचताना आपल्याला कुणाची तरी आठवण झाली असेल. मेहुण्याची, शेजारच्या टेबलावरच्या बाईंची, सकाळी लोळत पडणाऱ्या नवऱ्याची. 'हे त्यांना वाचायला द्यायलाच हवं,' असे मनात आले असेल. आपला स्वभावच तसा काळजी घेणारा आहे. प्रभार सोपवणे ते यालाच म्हणतात. मजकूर वाचायला साधारण दहा मिनिटे लागतात, म्हणजे आज आपल्याकडे दहा मिनिटे होती, याची नोंद घेण्यात आली आहे. उठून हात वर जातो का ते पाहावे. नसेल उठायचे तर मावशींना तसे कळवावे, बेचाळीस तिथे त्रेचाळीस. फळ्या काय, त्या पुसायच्या आहेतच.